ते चौदा मीटर पक्ष्याचे

पत्राचा सारांश: रावेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. वय छत्तीस. तीन वर्षांपासून सुटीच्या दिवशी पहाटे स्कूटी काढून त्या तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरवर जातात आणि पक्ष्यांचे फोटो काढतात. कॅमेरा कॅननचा २०० डी मार्क टू, लेन्स ५५-२५० मिमी. पुढच्या महिन्यात त्यांची ऐंशी हजारांची भिशी लागणार आहे. यजमानांची केळीची बाग आहे. ते म्हणतात, "घ्यायचं तं एकदाच मोठं घे, कमी पडलं तं केळीच्या पट्टीतून देतो." पक्षीछायाचित्रणाच्या ग्रुपवरची मंडळी सांगतात की सहाशे मिमीच्या लेन्सशिवाय पक्ष्यांचा फोटो होतच नाही. कुणी जुनी १५०-६०० सुचवतं, कुणी ४०० ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, कुणी टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्सची लांबी वाढवणारा मधला जोड. एकाने तर सगळं विकून पी १००० हा लांब झूमचा कॅमेरा घ्यायला सांगितलं. ताई लिहितात, "माझे पक्षी नेहमी ठिपक्याएवढे येतात. मागच्या महिन्यात पट्टकादंबांचा थवा बसला होता. जरा जवळ जायला निघाले आणि सगळा थवा उठला. दिवसभर वाईट वाटत राहिलं. मोठी लेन्स असती तर असं झालं नसतं. पण एवढे पैसे निव्वळ हौसेवर घालायचे का? पुढे रानपिंगळ्याचा फोटो काढायचंही मनात आहे." सोबत त्यांनी तीन फोटो पाठवले आहेत.

ताई,

तुमचे तिन्ही फोटो मी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर उघडून पाहिले. प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा वेळ, शटर, लेन्सची लांबी अशी नोंद ठेवतो, तीही वाचली. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या नोंदींतच सापडलं.

पहिला फोटो पट्टकादंबांचा, म्हणजे त्या पाहुण्या हंसांचा. वेळ सकाळी ११.४०, २५० मिमी, शटर १/८००, म्हणजे सेकंदाचा आठशेवा भाग. थवा दीडशे मीटरवर तरी असावा. फोटो मऊ आलाय आणि तुम्ही त्याचा दोष लेन्सला दिलाय. आता थव्याच्या मागची पलीकडच्या काठाची रेघ पाहा. ती सरळ नाही, तिला लाटा आल्या आहेत. हंसांच्या डोक्यामागचे दोन काळे पट्टेही एकमेकांत विरघळलेत. हे लेन्सचं काम नव्हे, हवेचं आहे. ऊन चढलं की आपली काळी माती तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर सरकते आणि गार-गरम थरांतून येणारा प्रकाश सारखा वाकत राहतो. मे महिन्यात भुसावळच्या रस्त्यावर समोरची एसटी पाण्यात उभी असल्यासारखी दिसते, तोच हा प्रकार. फरक एवढाच की थंडीत तो नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही, लेन्सला मात्र जाणवतो. तुमच्या हातात त्या वेळी ६०० मिमी असती तर हंस जवळजवळ अडीचपट मोठे आले असते आणि ही थरथरही तेवढीच मोठी झाली असती. दहा-साडेदहानंतर मोकळ्या रानावरून लांबचा फोटो काढायचा झाला तर पाच लाखांची लेन्सही हरते. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरा फोटो उडत्या नदी सुरयचा. शटर १/४००. सुरय पाण्यावर सूर मारत होती, तिचे पंख पुसट झाले. इथेही लेन्सची चूक नाही. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० च्या आसपास जा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ऑटोवर सोडा. थोडे दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार पण रेखीव फोटो पुढे सुधारता येतो, हललेला नाही. याला एक रुपयाही लागत नाही.

तिसरा फोटो शेकाट्यांच्या जोडीचा. सकाळी ८.०५, काठावर बसून काढलेला, पक्षी पंधरा-वीस मीटरवर, पायांचे लाल दांडे पाण्यात पुन्हा उमटलेले. याच लेन्सचा, याच कॅमेऱ्याचा. ताई, हा फोटो मी घराच्या भिंतीवर लावीन. पत्रात तुम्ही त्याबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाही, कारण तुमच्या लेखी तो 'सोपा' होता. पक्षी आपणहून जवळ आले होते, एवढंच.

म्हणजे तीन फोटोंपैकी एक हवेने बिघडला, एक शटरने, आणि तिसरा बिघडलाच नाही. यावरून मोठी लेन्स नकोच असं मी म्हणत नाहीये. तुमच्यासाठी ती हवीच, या मताला मी शेवटी आलेही आहे. पण घेण्याआधी ती तुम्हाला काय देणार आणि काय देणार नाही, हे नीट कळायला हवं. नाहीतर नवी लेन्स घेऊनही पक्षी ठिपक्याएवढेच येतील आणि मग आठशेची स्वप्नं पडायला लागतील.

थोडं गणित करू. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला कंटाळा येणार नाही. सेन्सरवर पक्षी केवढा उमटतो हे तीन गोष्टींवर ठरतं: पक्ष्याची लांबी, लेन्सची लांबी आणि अंतर. पहिल्या दोघींचा गुणाकार करायचा आणि अंतराने भागायचं. पट्टकादंब साधारण ७५ सेंटिमीटरचा. दीडशे मीटरवरून २५० मिमीने तो सेन्सरवर सव्वा मिलिमीटर येतो. तुमचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे चौकटीचा अठरावा हिस्सा. ६०० ने तो तीन मिलिमीटर येईल, म्हणजे सातवा हिस्सा. सुधारणा मोठी आहे, पण चौकट भरून हंस आला असं काही होणार नाही. त्यासाठी हंसालाच जवळ यावं लागेल.

आता छोटा खंड्या घ्या, सोळा-सतरा सेंटिमीटरचा. २५० मिमीने दहा मीटरवरून तो जेवढा येतो, तेवढाच ६०० मिमीने चोवीस मीटरवरून येतो. मोठी लेन्स तुम्हाला देते ती ही मधली चौदा मीटर जागा. ती कशी वापरायची, यावर सगळं अवलंबून आहे. ते चौदा मीटर तुम्ही पक्ष्याला परत देऊ शकता. म्हणजे लांब बसायचं, त्याला मासा धरू द्यायचा, पिल्लांकडे जाऊ द्यायचं आणि फोटो तेवढाच मोठा मिळवायचा. किंवा सहाशे लावूनही पुन्हा दहा मीटरवर सरकायचं, कारण डोळ्यातली चमक हवी असते. मी काठावर सगळ्यात मोठ्या लेन्सवाल्यांनाच थव्याकडे चालत जाताना पाहिलंय. "मोठी लेन्स असती तर थवा उठला नसता" हे तुमचं वाक्य म्हणूनच मला तपासून पाहावंसं वाटलं. लेन्स कितीही लांब असली तरी आणखी चार पावलं पुढे जावंसं वाटणं संपत नाही. तुम्हाला दिवसभर वाईट वाटलं, ही मात्र खरी जमेची बाजू आहे. ते वाटणं जपा.

थवा का उठला, याचाही विचार करू. पट्टकादंब हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. चरायचं काम ते बरंचसं रात्री करतात आणि दिवसा मोकळ्या काठावर विसावतात. तुम्ही अकराच्या पुढे पोहोचलात तेव्हा ती त्यांची निजायची वेळ होती. त्यात तुम्ही उभ्या होतात आणि सरळ त्यांच्या दिशेने निघालात. पक्ष्याला दोन पायांवर उभा, नजर रोखून सरळ येणारा माणूस फार खटकतो. तोच माणूस तिरकं चालत, मध्येच थांबत, खाली पाहत गेला की तेवढा खटकत नाही. बैलामागे चालणाऱ्या शेतकऱ्याला बगळे कसे जवळ येऊ देतात, हे तुमच्याच बांधावर रोज दिसतं. थव्यातल्या एक-दोन माना ताठ झाल्या की ती सूचना समजा आणि तिथेच खाली बसा. सगळ्या माना ताठ झाल्या तर मागे या. त्या दिवशी फोटो नाही.

त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे आपण आधी जाऊन बसणं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. त्याच्या अर्धा तास आधी काठावर बसा, सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला. पाणी ओसरायला लागलं की चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि गाळपेराच्या शेतांच्या कडेला तुतवार, चिखले, धोबी असे पक्षी फिरायला लागतात. तिथे बांधाच्या आडोशाला मातकट रंगाचे कपडे घालून, कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून बसा. पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही. मग पक्षी तुम्हाला धोंडा समजून कामाला लागतात. मासे धरणाऱ्या लोकांशी ओळख ठेवा. कोणता पक्षी रोज कुठे उतरतो, हे त्यांना आपल्या ग्रुपपेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांच्या होड्यांना पक्षी सरावलेले असतात, त्यामुळे होडी गेल्यावर काही वेळाने पक्षी परत कुठे बसतात ते पाहून ठेवा. एकट्या जात असाल तर कुठल्या काठावर आहात हे घरी कळवून जा, शक्य असेल तर एखादी सहकारी सोबत घ्या. गाळात पाय रुततो तेव्हा हाकेच्या अंतरावर कुणीतरी असलेलं बरं.

आता लेन्सकडे येते.

टेलिकन्व्हर्टर आधीच बाजूला ठेवा. तुमच्या ५५-२५० वर कॅननचा तो बसत नाही. पुढे १५०-६०० वर १.४ चा लावलात तर प्रकाश निम्मा होतो आणि एफ ६.३ चं एफ ९ होतं (एफचा आकडा वाढला की प्रकाश कमी). तुमच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधला, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतला ऑटोफोकस एवढ्या अंधारात काम करायला बनवलेला नाही. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांचे कॅमेरे वेगळे असणार.

पी १००० बद्दल रागाने बोलायचं कारण नाही. २०१८ मध्ये आलेला हा निकॉनचा कॅमेरा दीड किलोच्या आत ३००० मिमीएवढी झेप देतो आणि लांबवरचा पक्षी कोणता हे ओळखायला तो फार कामाचा आहे. पण त्याचा सेन्सर तुमच्या सेन्सरच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढा आहे आणि पूर्ण झेपेला एफ ८ उरतं. पहाटेच्या उजेडात आणि उडत्या पक्ष्यावर तो तुम्हाला निराश करेल. नोंदी ठेवणं हाच मुख्य हेतू असता तर मी तोच सुचवला असता. तुमचा शेकाट्यांचा फोटो सांगतो की तुम्हाला प्रकाश पकडायचाय.

४०० मिमी एफ ५.६ ची कॅननची जुनी प्राइम लेन्स १९९३ सालची. वजन सव्वा किलो. उडत्या पक्ष्यांसाठी तिचा हात इतका हलका आहे की जुनी माणसं अजून तिचं नाव काढतात. पण तिच्यात हात स्थिर करणारी यंत्रणा नाही आणि साडेतीन मीटरच्या आतलं तिला दिसत नाही. रोज भरपूर प्रकाशात, उडतेच पक्षी टिपायचे असतील तर ती घ्यावी. धुक्यातल्या पहाटेसाठी मी ती घेणार नाही.

उरतात दोन पर्याय आणि खरी निवड त्यांच्यातच आहे. एक १००-४०० जातीची हलकी झूम, उदाहरणार्थ सिग्माची, ११६० ग्रॅमची. दुसरी १५०-६००: सिग्मा कंटेम्पररी १९३० ग्रॅम, टॅमरॉनची जी २ दोन किलोच्या आसपास. सिग्माच्याच स्पोर्ट्स नावाच्या १५०-६०० चं वजन २८६० ग्रॅम आहे. ती स्वस्तात मिळाली तरी स्कूटीवर जाणाऱ्या माणसाने तिच्या मोहात पडू नये. तुमची आत्ताची लेन्स ३७५ ग्रॅमची आहे, म्हणजे एकदम पाचपट वजन. वजनाची गोष्ट पुरुषमंडळी सहज उडवून लावतात, पण मी ती फार गांभीर्याने घेते. जी लेन्स पहाटे पाच वाजता उचलावीशी वाटत नाही, ती कपाटातच राहते. माझ्या ओळखीत अशा दोन लेन्स आहेत.

अंतर तुम्हाला खरंच किती लागतं, हे ग्रुपला विचारू नका, तुमच्याच जुन्या फोटोंना विचारा. एका रात्री बसून मागच्या हिवाळ्यातले दोनशे फोटो उघडा. प्रत्येकाला एकच प्रश्न: हा बिघडला असेल तर कशाने? हललेला, हवेने थरथरलेला, उजेड कमी पडलेला, फोकस भलतीकडे गेलेला, की सगळं नीट असून निव्वळ लहान आलेला? शेवटच्या रकान्यात साठ-सत्तर पडले तर ६०० तुमच्या कामाची. वीसच पडले तर ४०० पुरेल आणि बाकीचे पैसे वाचतील. हतनूरचं पाणी पसरट आहे, पक्षी लांब बसतात, म्हणून माझा अंदाज पहिल्या बाजूला झुकतो. जळगावच्या मेहरूण तलावाकाठी फिरणाऱ्या किंवा शेताच्या बांधावर नीलपंख, वेडा राघू टिपणाऱ्या वाचकाला मी १००-४०० च घ्यायला सांगितलं असतं.

एक शंका तुमच्या मनात येईल म्हणून लिहून ठेवते. तुमच्या जातीचे कॅमेरे एफ ५.६ पर्यंतच ऑटोफोकस करतात असं पुस्तिकेत असतं आणि या लेन्स ६०० वर एफ ६.३ च्या आहेत. तरी त्या चालतात. कॅमेऱ्याला त्या तशी अडचण जाणवू देत नाहीत. फक्त मधला फोकस बिंदू वापरा, तो सगळ्यांत भरवशाचा. पुढेमागे कॅननचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घेतलात तर अडॉप्टर लावून ही लेन्स त्यावरही वापरता येते, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

घेतल्यावर पहिला महिना राग येईल, तयारी ठेवा. तुमच्या सेन्सरवर ६०० मिमीने पन्नास मीटरवरची दोन मीटरांहूनही थोडी कमी रुंद जागा चौकटीत मावते. तेवढ्या फटीत उडता पक्षी सापडतच नाही. म्हणून आधी १५०-२०० वर पक्षी पकडायचा, मग झूम वाढवत न्यायचं. हा हात बसायला पाच-सहा रविवार जातात. शटर १/१००० च्या खाली शक्यतो नको. हात स्थिर करणारी यंत्रणा आपला हात सावरते, पक्ष्याची मान नाही. ट्रायपॉडवर खर्च करू नका. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही तोंडं शिवा आणि आत सरकी भरा. आपल्याकडे सरकीला तोटा नाही, ती हलकी असते आणि लेन्स तिच्यात छान रुतून बसते. बांधावर ठेवा, नाहीतर उभ्या स्कूटीच्या सीटवर ठेवून तिच्याआड बसा. स्कूटीवरून नेताना मात्र कॅमेरा आणि लेन्स वेगळे करा आणि पाठीवरच्या बॅगेत ठेवा, डिकीत कधीच नको. आपल्या रस्त्यांच्या खड्ड्यांत दोन किलोचा भार त्या जोडाला हिसके देतो. आणि लेन्स काठावर बदलू नका. काळ्या मातीची धूळ सेन्सरवर गेली की हिवाळाभर आभाळात ठिपके दिसतात.

जुनी लेन्स घेणार असाल तर हा भाग दोनदा वाचा. बारा वर्षांपूर्वी एका शहरातल्या दुकानातून मी वापरलेली लेन्स घाईत घेतली. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यात ती आरशासारखी दिसली. घरी आणून मागून मोबाइलची बॅटरी लावली तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला आणि साफ करून घ्यायला जवळजवळ अर्धी किंमत गेली. तेव्हापासून मी लेन्स विकत घेताना खोलीत अंधार करायला सांगते. एका बाजूने बॅटरी मारायची, दुसऱ्या बाजूने तिरकं पाहायचं. बारीक धुळीचे चार कण चालतात, धागे किंवा ढग चालत नाहीत. मग झूम सगळीकडून फिरवून पाहायचं, कुठे अडकतं का, खाली तोंड केल्यावर आपोआप घसरतं का. सोन्याच्या रंगाचे संपर्कबिंदू झिजलेत का. आणि मग बाहेर उन्हात जाऊन ६०० वर वीस मीटरवरची एखादी पाटी दोनदा टिपायची, एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा मागच्या पडद्यावर पाहून. पडद्यावरून तुमचा कॅमेरा थेट सेन्सरवर फोकस साधतो. तो फोटो रेखीव आणि व्ह्यूफाइंडरवाला मऊ आला तर भिंग चांगलं आहे, फोकस पुढेमागे होतोय. तुमच्या कॅमेऱ्यात तो सुधारायची सोय नाही, पण सिग्माच्या यूएसबी डॉकने किंवा टॅमरॉनच्या टॅप-इन कन्सोलने लेन्समध्येच दुरुस्ती करता येते. विकणाऱ्याकडे ते यंत्र असेल तर तेवढ्यापुरतं मागून घ्या. दोन्ही फोटो मऊ आले तर नमस्कार करून निघा. भिंगासमोर स्वस्तातली यूव्ही काच लावलेली असेल तर तपासण्याआधी ती काढा. या लेन्सचं तोंड ९५ मिलिमीटरचं असतं आणि तेवढ्या आकाराची वाईट काच चांगल्या भिंगाचा जीव घेते.

पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पाकिटं लगेच घेऊन ठेवा. आपलं हवामान कोरडं म्हणून लोक गाफील राहतात, बुरशी मात्र श्रावणातल्या बंद कपाटात धरते.

रानपिंगळ्याचं लिहिलंत ते वाचून आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली. १८८४ नंतर हा पक्षी शास्त्रज्ञांना खात्रीने सापडला नव्हता. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला, म्हणजे आपल्या खानदेशात. सातपुड्याच्या सागवानी जंगलात तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो, माणसाला पाहून लगेच उडतही नाही. म्हणूनच त्याला त्रास देणं सोपं आहे. पंचवीस मीटरवरून ६०० मिमीने तो चौकटीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा येतो, तेवढं पुरे. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणाऱ्या माणसासोबत जाऊ नका. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो शिकार सोडून शोधत बसतो. घरट्याची ढोली दिसली तर फोटो न काढता परत या आणि ती जागा ग्रुपवर टाकू नका. अभयारण्यात जायला आणि फोटो काढायला वनखात्याची परवानगी लागते, ती घेऊनच जा. स्थानिक वनरक्षक सोबत असले तर बघण्यातही जास्त मिळतं.

राहिला पैशांचा प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी संकोचून विचारलात. भिशी तुमच्या पगाराची आहे. तीन वर्षं पहाटे उठून जी गोष्ट तुम्ही सोडली नाही, तिला 'निव्वळ हौस' म्हणू नका. तुमच्या वर्गातल्या मुलांनी शेकाट्या तुमच्या फोटोत पाहिला असेल तर ते शिकवणंच आहे. तरी एक विचारते, त्याचं उत्तर स्वतःशीच द्या. या ऐंशी हजारांवर घरातलं दुसरं काही अडून आहे का? मुलांची फी, कुणाचं औषध, बोअरची दुरुस्ती? असेल तर ही भिशी तिकडे जाऊ द्या आणि लेन्स पुढच्या भिशीला. शटर, वेळ आणि बसायची जागा बदलून तुमचे फोटो याच हिवाळ्यात सुधारणार आहेत. काही अडून नसेल तर निर्धास्त घ्या, पण केळीच्या पट्टीतून वर पैसे घालू नका. यजमान प्रेमाने देताहेत, ते घेण्यात कमीपणा काही नाही. पण ऐंशी हजारांची मर्यादा आखली की वापरलेल्या १५०-६०० पाशी निर्णय थांबतो. मर्यादा उठली की ग्रुप तुम्हाला दर आठवड्याला नवं नाव सांगेल.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. भिशी लागेपर्यंत दोनशे फोटोंची छाननी. मग ग्रुपमधल्या कुणाकडून १५०-६०० एका रविवारपुरती मागून, नाहीतर नाशिक-पुण्याकडच्या दुकानातून दोन दिवस भाड्याने आणून, पाठीवर टाकून स्कूटीने हतनूर, अकरा वाजेपर्यंत काठावर आणि परत. सोमवारी खांदा काय म्हणतो ते पाहायचं. हा खर्च वाचवू नका, चुकीच्या लेन्सपुढे तो काहीच नाही. खांद्याने हो म्हटलं तर वापरलेली सिग्मा किंवा टॅमरॉन, जी आधी निर्दोष सापडेल ती. नाही म्हटलं तर १००-४००, आणि वाचलेल्या पैशांतून ८×४२ ची बरी दुर्बीण.

घाई मात्र अजिबात नको. उन्हं तापायला लागली की पट्टकादंब परत जातील, आणि त्यांच्यासाठी म्हणून आत्ता धावत लेन्स घ्याल तर हात बसायच्या आधीच ते गेलेले असतील. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ बागेशेजारच्या तारेवरच्या वेड्या राघूंवर सराव करा. ते उडून परत त्याच जागी येऊन बसतात, शिकायला त्यांच्याइतका चांगला पक्षी नाही. पुढच्या थंडीत हंस उतरतील तेव्हा पहाटे, बसून, दीडशे मीटरवरूनच एक फोटो काढा आणि मला पाठवा. थव्यातली एकही मान ताठ नसलेला.